चौथ्या बॅचची ओक्सिम

बेटावरच्या मोसलपो बंदरात मासळीची जत्रा होती, आणि ओक्सिमने नेमकं गाड्या लावायच्या जागेवर शेवाळ वाळत घातलं होतं. वय त्रेसष्ट, रोज समुद्रात बुड्या मारून पोट भरणारी बाई. तिला हटकणार कोण?

हटकलं ग्वांगहोने. लाल टोपी, काळा चष्मा, छातीवर बिल्ले. मरीन, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या दलातली निवृत्त मंडळी जत्रेत गाड्या वळवायचं काम हौसेने करत. त्यांतला हा सगळ्यांत कडक.

"ए आजी, उचल हा पसारा!"

"तू कोण रे सांगणारा?"

"मी मरीन! व्हिएतनामला लढून आलोय. दोनशे बारावी बॅच!"

मरीनमध्ये वय, शिक्षण, श्रीमंती कुणी विचारत नाही. फक्त भरतीची बॅच विचारतात. आधीच्या बॅचचा तो नंतरच्यांचा बाप.

"मी चौथी," ओक्सिम म्हणाली.

"शाळा नाही विचारली, आजी."

"चौथी बॅच, गाढवा! सलाम ठोक."

ग्वांगहो खो खो हसला. पण शेजारच्या टपरीतला म्हातारा मासेवाला गंभीरपणे म्हणाला, "हसू नकोस. खरं आहे ते. पन्नास साली उत्तरेशी लढाई पेटली तेव्हा या बेटावरून पोरीही मरीनमध्ये भरती झाल्या होत्या."

ग्वांगहोचं हसू तोंडातच विरलं. टाचा जुळल्या, हात कपाळाला गेला. भर रस्त्यात!

"छान. आता उचल," ओक्सिम म्हणाली.

"काय उचलू?"

"शेवाळ. त्या भिंतीवर पसर. आणि चुरगाळू नकोस."

शेवाळ पसरता पसरता ग्वांगहोने विचारलं, "पण आजी, तुम्हाला घेतलं कसं?"

मग ती सांगू लागली. तेव्हा ती सतरा वर्षांची, काडीसारखी. वजन कमी भरणार हे दिसतच होतं, म्हणून तिने परकराच्या नेफ्यात किनाऱ्यावरचे दोन काळे दगड खोचले. काट्यावर चढताना एक दगड निसटला आणि थेट डॉक्टरच्या बुटावर पडला.

"हे काय?" तो ओरडला.

"आमच्या बेटावर दगडांशिवाय पिकतं काय, साहेब?"

डॉक्टर हसला आणि त्याने शिक्का मारला. तिने आईला मात्र काही सांगितलं नव्हतं. बेटावर नुकतंच बंड होऊन गेलं होतं, त्यामुळे त्या काळात इथल्या प्रत्येक घराकडे सरकार संशयाने बघायचं. घरातलं कुणी वर्दीत असलं की दारावर पोलिसांची थाप पडत नसे. हे तिला सतराव्या वर्षीही पक्कं कळत होतं.

जहाजाने चिन्हे गावच्या लष्करी तळावर नेलं. तिथला हवालदार भलता तापट. सांगताना ओक्सिम त्याला कधी हवालदार म्हणायची, कधी कॅप्टन. एकदा रांगेत हसल्याबद्दल त्याने तिला समुद्रात उतरवलं. "डोकं पाण्याखाली! मी म्हणेपर्यंत वर यायचं नाही!"

बेटावरच्या पोरीला ही शिक्षा? ती खाली गेली ती गेलीच. हवालदार "वर ये!" म्हणाला, मग ओरडला, मग घाबरून त्याने बुटांसकट पाण्यात उडी मारली. तो तळ चाचपत असताना ती त्याच्या मागे वर आली. हातात जाडजूड, जिवंत, लिबलिबीत समुद्रकाकडी.

"घ्या साहेब, ताजी आहे."

शिक्षा म्हणून आठ दिवस तिने स्वयंपाकघरात मुळे सोलले. तिच्या बॅचने मात्र तिला डोक्यावर घेतलं.

ग्वांगहो हसून हसून भिंतीवर टेकला. "मग शत्रूच्या ताब्यातल्या इंचॉनच्या किनाऱ्यावर उतरलात?"

"मुलगे उतरले. आम्हाला कचेरीत बसवलं. लढाईत जे पडले त्यांच्या याद्या मी लिहायची. गावातल्या पोरांची नावं यायची. काही माझ्याबरोबर बुड्या मारलेली." तिने एक शेवाळाची पात उलटी केली. "महिनाभर कुणाची खोडी काढली नाही मी. मग लढाई उत्तरेला सरकली, आम्हाला घरी धाडलं. आईने दारातच दोन लगावल्या आणि दुसऱ्या दिवशी बुडीला घेऊन गेली."

तिने पुढची पात उचलली. "आणि तू? व्हिएतनामला काय केलंस?"

ग्वांगहोकडे याचं उत्तर तयार होतं. चौकात हजारदा सांगितलेलं, बंदुका नि वाघासारखी झेप असलेलं. त्याने तोंड उघडलं, पण चौथ्या बॅचसमोर ते निघेना. चष्मा काढून त्याने भाताच्या शेतातल्या एका सकाळबद्दल सांगितलं. शेजारी चालणाऱ्या मित्राबद्दल. तो मित्र गोळी लागून अर्ध्या वाक्यात थांबला होता आणि ते वाक्य काय होतं, हे ग्वांगहो सत्तावीस वर्षं आठवून बघत होता.

ओक्सिमने मध्ये एकही टोमणा मारला नाही.

"जेवलास?" तिने विचारलं.

"नाही."

टपरीतून तिने शिंपल्यांच्या पेजेचे दोन वाडगे मागवले. दोघं भिंतीला पाठ टेकून खात बसली. रस्त्यावर गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या आणि कुणीतरी कर्कश हॉर्न वाजवत होतं.

"सावकाश खा, पोरा," ती म्हणाली, "गरम आहे."