पोहण्याचा दाखला

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, बोट क्लबात कारकून आहेत. वजन सत्तेचाळीस किलो, तेही खिशात किल्ल्यांचा जुडगा धरून. क्लबात वल्हवण्याच्या स्पर्धांचे तीन वर्ग चालतात: शाळकरी मुलांचा, तरुणांचा आणि चाळिशी उलटूनही अक्कल न आलेल्यांचा. मी तिसऱ्यात आहे. कुठल्याही वर्गात नाव घालायचं तर आधी कपड्यांसकट पन्नास मीटर पोहून दाखवावं लागतं आणि तसा दाखला दाजींच्या टेबलावर ठेवावा लागतो. दाखल्याशिवाय दाजी कोणाला बोटीला हात लावू देत नाहीत. एकदा त्यांनी खुद्द अध्यक्षांना धक्क्यावरून परत पाठवलं होतं.

दाजींना स्वतःला पोहता येत नाही.

झालं असं, की एकोणीस वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्गाचा कॉक्स आजारी पडला. चौघं वल्हवतात तेव्हा त्यांची पाठ पुढे असते, आपण कुठे चाललोय ते त्यांना दिसत नाही. कॉक्स मागच्या टोकाला पुढे तोंड करून बसतो, सुकाणू सांभाळतो आणि ओरडतो. त्याला ताकद लागत नाही, वजन तेवढं कमी लागतं. म्हणून सगळ्यांनी ऑफिसात डोकावून पाहिलं. दाजी तासाभरासाठी म्हणून बसले ते अजून उठलेले नाहीत. दाखल्याचे कोरे कागद त्यांच्याच खणात होते, शिक्काही तिथेच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

घरी मीठ हवं असलं तरी दाजी दोनदा घसा खाकरतात आणि मग मागतच नाहीत. बोटीत मात्र आमच्या संघातल्या सहा फुटी पोस्टमनला ते असं झापतात, की काठावरची बदकंही सरळ रांगेत पोहू लागतात.

आता अडचण अशी. जिंकलेल्या संघाने आपल्या कॉक्सला हातापायांना धरून पाण्यात फेकायचं, अशी पद्धत आहे. ती कोणी पाडली माहीत नाही, पण त्याला पोहता येत असणार. आमचा संघ कायम चौथा यायचा, त्यामुळे पद्धत आमच्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती. तरी कोणी गमतीनं "यंदा दाजींना फेकायचं हं" म्हटलं, की दाजींच्या हातातलं पेन खाली पडायचं. चोराच्या मनात चांदणं. मला हे सगळं कळलं स्पर्धेच्या आठ दिवस आधी. ताई घरी आली आणि तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"खरं सांग, तुम्ही यंदा जिंकणार आहात का?"

"चिन्हं तरी तशी आहेत," मी छाती फुगवून म्हणालो.

ताई मटकन खाली बसली. मग तिनं सगळं सांगितलं आणि कोणाला न सांगण्याची शपथ घातली.

दुसऱ्या दिवशी मी दाजींना ऑफिसात गाठलं. "सांगून टाका ना सरळ."

"काय सांगू? तीनशे बारा जणांना मी पोहता येत नाही म्हणून परत धाडलंय." दाजींनी खण उघडला, उगाच बंद केला. "आणि तेवढंच नाहीये."

नऊ वर्षांपूर्वी, मी संघात नव्हतो तेव्हा, आमची बोट अंतिम फेरीत पुढे होती. शेवटच्या अडीचशे मीटरला लाल बोयी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, लागते. तिथे कॉक्सनं "आता!" असं ओरडायचं आणि चौघांनी उरलासुरला जीव वल्ह्यात घालायचा. "अंगात कणकण होती त्या दिवशी, पण मला काय, बसायचंच होतं," दाजी म्हणाले. "बोयी आली. पलीकडे धक्का दिसला. त्याखालचं काळं पाणी दिसलं. दहा वल्ही मी गप्प बसलो. चौथे आलो."

"पण पोस्टमन तर म्हणतो..."

"त्याचा दम कमी पडला. माहितीये मला. नऊ वर्षं ऐकतोय."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पोस्टमन दाजींच्या अगदी समोर बसतो. दोघांचे गुडघे जवळजवळ लागतात. त्या एका शर्यतीचा दोष तो नऊ वर्षं स्वतःच्या फुप्फुसांना देत आला होता आणि त्यापायी रोज पहाटे एकटा टेकडी चढत होता. आता तो साठीला आला होता. डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्याकडे पाहून ही शेवटची स्पर्धा असं बजावलं होतं.

"मग यंदा काय करणार?" मी विचारलं.

दाजींनी खणातून शिक्का काढला. तो दोनदा कोऱ्या कागदावर मारला.

स्पर्धेच्या दिवशी ताई धक्क्यावर टॉवेल आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेऊन उभी होती. शर्यत हजार मीटरची. मी पोस्टमनच्या मागे होतो, त्यामुळे त्याच्या खांद्यावरून मला दाजींचा अर्धा चेहरा दिसत होता. पाचशेला आम्ही दुसरे, सातशेला बरोबरीत. दाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी बोयीची वाट पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, बोला, दाजी, बोला.

"आता!"

बोयी अजून यायची होती. चांगली पाच वल्ही आधी ओरडले ते, आणि मग थांबलेच नाहीत. आमचा जीव जायची वेळ आली. आम्ही हातभर अंतरानं जिंकलो.

धक्क्याला लागलो तसे शिंपी आणि दंतवैद्य, आमचे उरलेले दोन वल्हेकरी, दाजींच्या हातांवर तुटून पडले. पोस्टमननं उजवा पाय धरला, मी डावा. मी हळूच विचारलं, "दाजी, सांगू का?"

"फेक," दाजी म्हणाले.

फेकलं. बुडबुडे आले, दाजी आले नाहीत. ताईनं दोरी टाकली, ती एका बदकाच्या अंगावर पडली. पोस्टमननं उडी मारली आणि तो छातीइतक्या पाण्यात उभा राहिला. आम्ही कायम पाय न भिजवता बोटीत चढणारे, तिथे किती पाणी आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं दाजींना कॉलर धरून वर काढलं.

"उभा राहा," तो म्हणाला.

दाजी उभे राहिले. पाणी हनुवटीपर्यंत आलं.

नंतर धक्क्यावर दाजी टॉवेलात बसले होते आणि पोस्टमन शर्ट पिळत होता. दाजींनी दोनदा घसा खाकरला. मला वाटलं, आता नेहमीसारखे गप्प बसतील.

"मला पोहता येत नाही. आणि नऊ वर्षांपूर्वी तुझा दम कमी पडला नव्हता," ते म्हणाले. "मी उशिरा ओरडलो. मुद्दाम. पाण्याची भीती वाटली."

पोस्टमननं शर्ट पुरता पिळला, झटकला, अंगात घातला आणि एकेक बटण लावलं.

"त्या दिवशी तुला ताप होता," तो म्हणाला. "आमचं सकाळीच ठरलं होतं. जिंकलो तरी याला फेकायचं नाही."

ताई दोरीची गुंडाळी करू लागली. दाजी टॉवेलाकडे बघत राहिले.

मग पोस्टमन उठला. त्याचे डोळे ओले होते, पण तो सगळाच ओला असल्यामुळे नक्की सांगता येत नाही.

"टॉवेल काढ," तो म्हणाला.

"का?"

"त्या वर्षीचं राहिलंय."

मी डावा पाय धरला. दाजींनी डोळे घट्ट मिटले आणि बोटीतल्या आवाजात ओरडले, "आता!"