तात्यांची गाडी आणि दुधातलं लोणी

"गाडी ओके आहे, तात्या," मी पुन्हा एकदा सांगितलं.

"ओके हाय, तर मग माझ्या हाताला मुंग्या का येत्यात, सायेब?"

तात्या म्हणजे आमचे दूधवाले. गगनबावडा रोडवरच्या गावातून रोज सकाळी म्हशीचं दूध मोटरसायकलवर घालून कोल्हापुरात येतात आणि घरोघर रतीब घालतात. मी मोटरसायकलच्या शोरूममध्ये सर्व्हिस मॅनेजर. नवी गाडी त्यांनी माझ्याच भरवशावर घेतली होती. त्यामुळे तिची कंप्लेंट वर्कशॉपमध्ये यायची, ती यायचीच, वर दुधाच्या पातेल्यातून माझ्या घरातही यायची.

कारण प्रश्न नुसत्या मुंग्यांचा नव्हता. गाडी इतकी थरथरायची की वाटेत दूध घुसळून निघायचं आणि वर लोण्याचे बारीक गोळे तरंगायचे.

"लोक म्हणत्यात, तात्या, दुधात पावडर कालवायला लागलास काय?" ते म्हणाले. "माझ्या बापापासनं रतीब हाय ओ. कुणी कधी बोट दाखवलं न्हाय. आता घरं सुटाय लागल्यात."

आता थोडं शास्त्र. एका सिलिंडरचं इंजिन हलणारच, कारण आत पिस्टन सारखा वर-खाली नाचत असतो. तो धक्का गाडीच्या सांगाड्याला लागू नये म्हणून आमच्या या मॉडेलमध्ये इंजिन बसवतात तिथं रबराचा बुश असतो. बुश म्हणजे भांडकुदळ भावांच्या मधला समजूतदार मेहुणा. तो खचला की सगळं घर हादरतं.

म्हणून आम्ही बुश नवा घातला. मग चेन बघितली. चाकं बॅलन्स केली. हँडलचे बोल्ट आवळले. मी स्वतः रंकाळ्याला वळसा घालून ट्रायल घेऊन आलो आणि म्हणालो, "तात्या, गाडी लोण्यासारखी पळते." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं.

एक गोष्ट मात्र सगळ्या वर्कशॉपला आवडायची. तात्यांची गाडी सर्व्हिसला येताना चकाचक असायची. धुतलेली, पुसलेली, जणू पाहुण्यांकडं जेवायला निघालीय. वॉशिंगवाल्याला हातच लावायला लागायचा नाही. मी इतर गिऱ्हाइकांना तिचं उदाहरण द्यायचो.

शेवटी कंपनीचे इंजिनियर आले. त्यांनी गाडी चालवली, कानाला मीटर लावल्यासारखा चेहरा करून आवाज ऐकला आणि निदान सांगितलं, "कस्टमर परसेप्शन." म्हणजे गाडी हलत नाही, तात्यांना तसं वाटतं.

"दुधाला पण तसंच वाटतंय, सर," मी म्हणालो. इंजिनियरसाहेब हसले नाहीत. मी जॉब कार्डवर 'व्हायब्रेशन नॉर्मल' लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं मला हलवून उठवलं. "तात्या खाली आलेत. आजपासून दूध बंद म्हणून सांगा."

"मी?"

"गाडी तुमची, ओळख तुमची. मला नाही जमायचं त्यांच्या तोंडावर बोलायला. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचंच दूध घेतेय."

दूध येतं त्या वेळेला मी आजवर कधी जागा नसायचो. त्यामुळे तात्यांची गाडी कामाच्या वेषात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. गेटसमोर ती चालूच उभी होती. मागं भलामोठा लोखंडी स्टँड, दोन्ही बाजूला दुधाचे कॅन आणि कॅनच्या झाकणांचं भजन जोरात चाललेलं. मी हँडलवर हात ठेवला आणि तो पार खांद्यापर्यंत झिणझिणला.

वाकून बघितलं. स्टँडचा खालचा पाय थेट इंजिनच्या माउंटिंगला आवळलेला. रबरी बुश गायब.

"तात्या, हा स्टँड कुणी बसवला?"

"गावातल्या वेल्डरनं. दणकट काम हाय. इंजिनालाच जखडलंय बघा, हालायचं नाव न्हाय."

"आणि इथला बुश?"

"आडवा येत हुता. जपून ठिवलाय की डब्यात! शोरूमला यायचं असलं की स्टँड सोडतो, बुश जाग्यावर बसिवतो, गाडी धुतो आनि मगच येतो."

"अहो, पण कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? तुमचाच बोर्ड हाय न्हवं, 'गाडी स्वच्छ व जादा फिटिंग काढून आणावी.' वाचाय येतं की मला."

तो बोर्ड मी हट्टानं लावून घेतला होता. लोक वैरणीच्या भाऱ्यासकट गाड्या आणायचे. एकानं बोकड आणला होता. बोर्ड इमानदारीनं पाळणारा सगळ्या जिल्ह्यात एकच माणूस निघाला आणि तोच माझा दूधवाला.

वरून गॅलरीतून बायकोचा आवाज आला, "सांगितलं का हो?"

"काय सांगाय आलतासा?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही. रतीब संपला की गाडी घेऊन या. अशीच. स्टँडसकट, कॅनसकट, न धुता."

"न धुता?" तात्यांचा चेहरा पडला. "शोभंल का ते, सायेब?"

त्या दिवशी स्टँडचा इंजिनला लावलेला पाय कापला, तो मागच्या चेसिसला घेतला आणि मधे जाड रबर घातलं. बुश डब्यातून कायमचा जागेवर आला. कॅनमध्ये पाणी भरून मी गाडी शिंगणापूर नाक्यापर्यंत नेऊन आणली. झाकणं गप्प. इंजिनियरसाहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'कस्टमरला मार्गदर्शन केल्यावर समस्या सुटली.'

सुटलेल्या घरांत तात्या मला बरोबर घेऊन गेले. प्रत्येक दारात मी बुश म्हणजे काय ते समजावून सांगितलं. कुणाला कळलं नसावं. पण सर्व्हिस मॅनेजर स्वतः दारात येऊन माफी मागतोय म्हटल्यावर बहुतेकांनी रतीब परत लावला.

बोर्ड मी काढला. आता गाडी आहे तशी येते, बोकड आला तरी चालतो. ट्रायलआधी एकच विचारायचं, रोज हिच्यावर काय लादता?

घरी मात्र अजून निकाल लागायचा आहे. परवा बायको पातेल्यात डोकावून म्हणाली, "लोणी यायचं बंद झालं की हो."

"झालं ना? बघितलंस!"

"बघितलंस काय म्हणता? पावडर म्हणून इतके दिवस मोरीत ओतलं मी ते. चोख म्हशीचं लोणी, तेही आयतं काढलेलं." तिनं पातेलं गॅसवर आदळलं. "एवढी काय घाई होती बुश बसवायची?"