आण्याची तहान

आत्या गेल्याचा फोन बाबांनी घेतला. "कधी?" एवढंच विचारून ते रिसीव्हर हातात धरून तसेच उभे राहिले. दुपारी जेवून पडवीत आडवी झाली ती उठलीच नाही... त्याला आता दीड महिना होईल.

आत्या आणि बाबा मूळचे आणे गावचे. तिथे पठारावर बाजरी आभाळाच्या भरवशावर पेरायची आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन टँकरमागे पळायचं. आत्या लग्न होऊन ओझरच्या बाजूला, पाटाखालच्या गावात आली. इथे शेतात पाणी आपल्या पायाने चालत येतं, हे तिला कितीतरी दिवस खरंच वाटलं नव्हतं.

सुट्टीत मी पुण्याहून जायचे. इंग्रजी शाळेतली, मोजकं बोलणारी. "मडम, तोंडात मका भरलाय का? बोल की कायतरी," ती चिडवायची. मी नुसती हसायचे आणि तिच्यामागून शेतात जायचे. पाटाच्या पाण्याची पाळी आली की दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, आत्या स्वतः उभी राहायची. मामा, म्हणजे तिचे यजमान, बांधावरून ओरडायचे, "बास कर! वरंबे बुडाले." ती पाणी बंद करायचीच नाही. पुढची पाळी कधी येईल, कोण जाणे. सगळं गावच तसं करायचं. आत्या जरा जास्त.

मी आठवीत असताना, नव्वदचं दशक संपता संपता, तिच्या मक्याने मान टाकली. खालची पानं पिवळी, वरची भरदुपारी सुरळीसारखी वळलेली. तहानल्यासारखा दिसतोय म्हणून आत्याने आणखी पाणी दिलं. मामांनी एक ताट उपटून तिच्यापुढे धरलं. मुळं काळी पडलेली, कुजका वास.

"ह्यो तहानलेला न्हाई, बुडालाय. तहान तुला लागलीया, आण्याची."

"मग जा की आण्याला, सांगा तिथं पाणी नको म्हणून," आत्या म्हणाली. "धोंडं मारत्याल लोकं."

पुढे कणसं दातपडक्या तोंडासारखी विरळ भरू लागली. बाजरी पेरली, ती ठिगळाठिगळांनी उगवली. मग जमिनीवर पांढरा खार फुटला. साचलेलं पाणी काढायला चर खणायचा, तर तो खालच्या भावकीच्या शेतातून न्यावा लागणार होता. त्यांनी वाट दिली नाही. आत्या त्यांच्या दारात जाऊन रडून आली, तरी नाही.

आमची शेवटची भेट गेल्या दिवाळीतली, बांधावरची. खाराचा पापुद्रा ती बोटांनी चुरत बसली होती. "पाणी घालून कुनी मारतं का गं?" तिने विचारलं. उत्तर मला माहीत होतं, शेजारी बसलेल्या मामांनाही.

दशक्रिया उरकून पाहुणे निघाले, त्याच दिवशी पाटाला पाणी आलं. वरच्या शेतातून हाक आली, "भाऊ, तुमचा नंबर! घेताय का फुडं सोडू?"

शेतात काहीच पेरलेलं नव्हतं. तरी मामा उठले, खोरं घेतलं आणि जाऊन दारं फोडलं.

"दाजी, आता कशाला?" बाबा म्हणाले.

"तिच्या वाटचं हाय. आसं कसं जाऊ दिऊ?"

पाणी त्या पांढऱ्या मातीवर पसरत गेलं. कुठेच मुरेना. आम्ही तिघं बांधावर उभे होतो, पण ते बंद करायला कुणीच हललं नाही.