कडक भाकरीवाली आक्का

घरी मी हे कधी सांगितले नाही. शेजारी देशाशी युद्धविराम झाला, त्या संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या आमच्या बाकड्यावर मित्रांसोबत बसून मी मोठ्याने म्हणालो होतो, "आपले जवान भित्रे निघाले."

समोर जवळच्या मंद्रूप गावाहून येणारी कडक भाकरीवाली बसली होती. प्रत्येक भाकरी नखाने वाजवून, कानाशी धरून मगच ती गिऱ्हाइकाला देई. तिचे नाव मी कधी विचारले नाही. माझे बोलणे ऐकून तिचा हात थांबला.

"माजा ल्योक तितंच शिमेवर हाय, दादा. थांबायचा हुकूम आला, थांबला. पर मागं न्हाय सरला. आजून हुबा हाय की!" मग पदर सावरून ती हसली. "तुमी बाकड्यावरनं कुटवर गेलावता?"

मित्र हसले, मीही हसून विषय टाळला.

पुढे दोन्ही देशांची बोलणी सुरू झाली, बातम्या थंडावल्या. तिचा मुलगा चौकीवरच राहिला, आणि तीही इथे ताठ मानेने भाकरी वाजवत राहिली. ती आमच्या भागातली आहे, याचा मला अभिमान वाटे. त्याच वेळी माझे वाक्य मलाच टोचे.

काल त्याच मित्रांदेखत मी बाकड्यावरून उठलो, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"आक्का, तुमच्या मुलाला मी भित्रा म्हणालो होतो. माझं चुकलं. मला माफ करा."