गिरणीच्या दारावरची पाटी

गिरणी बंद ठेवायची तर गिरणीवाली काकू कारण लिहूनच जायची. शटरवर काळी पाटी टांगलेली. 'पट्टा तुटला, दुपारी या.' 'दगडाला टाकी लावायची आहे, उद्या.' एकदा तर 'पोट बिघडलं आहे.' डबा घेऊन हेलपाटा मारणाऱ्याला निदान का ते कळावं, एवढंच.

नवरा गेल्यावर बाईचं बिनसलं. वरचं धान्य संपायचं, दगडावर दगड घासत गिरणी रिकामीच घरघरायची आणि ही समोर उभी, नजर भलतीकडे. शेवटी बहिणीने दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि दर महिन्याला एका मंगळवारी तपासणी. त्या मंगळवारी पाटीवर आलं: 'डोक्याच्या डॉक्टरकडे जाते. चारला येईन.'

मोठी जाऊ तरातरा आली. "पुस ते. दात दुखतो म्हणून लिही."

"दात चांगलेत माझे."

"अगं, माझी पोर लग्नाची आहे. लोक काय म्हणतील?"

"सांग, काकूचं डोकं दुरुस्तीला टाकलंय."

पोती वाहणारा हमाल कोपऱ्यावरून ओरडला, "काकू, पिठात गोळी पडली तर अख्खी गल्ली घोरत पडेल की!" सगळे खिदळले. मीही. त्या आठवड्यापासून डबे पलीकडच्या गिरणीकडे वळले, त्यात माझाही होता. कट्टा भरून डबे लागायचे तिथे तीन-चार उरले. बाईचं पोट त्या डब्यांवर. एक ओळ पुसली असती तर भागलं असतं. पाच महिने तिने ती पुसली नाही.

सहाव्या महिन्यात ती शटर ओढत होती, तर मागे हमाल उभा. शंभर किलोचं पोतं मानेवर घेऊन तीन जिने चढणारा गडी, आणि खांद्यावरचा पंचा नुसता पिळत होता.

"तो डॉक्टर... ओरडतो का?"

"तुझ्यावर कोण ओरडेल? दारात मावत नाहीस."

तो हसला नाही. "अंगावर पोतं नसलं तरी छातीवर असतं, काकू. चार महिने झाले. बायकोलाही बोललो नाही."

काकूने कुलूप दाबलं. "पाठीवरचं पोतं एकटा उतरवतोस का कधी?"

"नाही. कुणीतरी धरतं."

"मग चल."

"पाटीवर माझं लिहू नको."

"पाटी गिरणीची आहे. तुझं कशाला लिहू?"

दोघं निघाले. दहा पावलांवर हमाल थांबला, मागे फिरला. भर दुपारी, सगळी गल्ली दारात असताना, त्याने खडू उचलला आणि काकूच्या ओळीखाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: 'मी पण. हमाल.'

कुणी हसलं नाही. त्या माणसाला मी आयुष्यभर वजन उचलताना पाहिलंय, पण त्या दिवशी खडू उचलताना पाहिलं तसं कधीच नाही. घरी गेलो, डबा भरला आणि गिरणीच्या कट्ट्यावर आणून ठेवला.

माझ्या आधी तिथे एक डबा येऊन बसला होता. कडीला लाल चिंधी. मोठ्या जावेचा.