दुभाजकाची फट

द्वारका चौकाकडून येणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला कादरभाई पिंजारींचं गाद्यांचं दुकान आणि बरोबर समोर त्यांचं घर. तीस वर्षं हा माणूस रस्ता ओलांडून दुपारी जेवायला घरी गेला. मग रस्त्याच्या मधोमध कमरेएवढा दुभाजक आला आणि घर अर्धा किलोमीटर लांब गेलं. ओलांडायचं तर थेट पुढच्या सिग्नलला.

साठी उलटलेले कादरभाई सुरुवातीला दुभाजकावर चढूनच जायचे. एकदा पायजमा अडकून टरकन फाटला. दुकानाशेजारी भाजी विकणाऱ्या सिंधुबाई हसू दाबत म्हणाल्या, "भाई, आता अर्ज करा."

दुभाजकात वाट ठेवा, असा अर्ज महापालिकेच्या कार्यालयात केला. साहेब मीटिंगला होते. पुन्हा गेले, तर साहेबांची बदली झालेली. नव्या साहेबांनी विचारलं, "घर रस्त्याच्या कोणत्या बाजूला?"

"दुकानात असलो की घर पलीकडे, घरी असलो की दुकान पलीकडे!" भाई वैतागून म्हणाले.

सात महिने असे हेलपाटे घातल्यावर एका सकाळी माणसं आली आणि दुकानासमोरच चार फूट दुभाजक फोडून गेली. भाईंनी त्यांना चहा पाजला.

आठवडाभरात सगळ्या मोटारसायकलींना ती फट सापडली. ज्याला त्याला तिथूनच वळायचं. हॉर्न, शिव्या, आणि भाई आपल्याच फटीपाशी ताटकळत उभे. एका दुपारी त्यांची बायको तबस्सुम डबा घेऊन येत होती, तिला एक गाडी घासून गेली. ती वाचली, डबा पडला. रस्ताभर डाळ.

"बंद करा ती फट," ती म्हणाली. "मी जाईन सिग्नलवरून."

भाई पुन्हा कार्यालयात. क्लार्क हर्षलने अर्ज वाचून मान वर केली. "काका, फट तुम्हीच मागितली होती ना?"

"हो."

"मग बंद कशाला? लोखंडी खांब लावू की. माणूस जाईल, गाडी नाही जाणार."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही खांब मागितलेच नव्हते."

भाईंनी कागद मागून घेतला. तिथेच बाकावर बसून त्यांनी तिसरा अर्ज लिहिला.

खांब दिवाळीनंतर लागले, पण इतके जवळजवळ की पलीकडच्या गिऱ्हाइकाची गादी खांद्यावरून नेताना अडकते. भाई ती डोक्यावर धरून तिरके होऊन निघतात. कुणी म्हणालंच, एक खांब काढून मागा, तर ते हात जोडतात. "नको बाबा. आता काही मागायचं नाही."