गुंडूरावांचे बारा स्वार

बंगळूरच्या चामराजपेटेतले गुंडूराव एरवी टपाल खात्यातले शहाणेसुर्ते कारकून, पण चौसष्ट सालच्या दसऱ्याला त्यांच्या पायाला भिंगरीच लागली होती हो! दारापर्यंत जायचं, रस्ता बघायचा, परत येऊन एखादा भाला सरळ करायचा. बसतील तर शपथ!

मल्हारकाका येणार होते ना! काका तरुणपणी म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात भाला घेऊन दौडलेले. पुतण्याला मात्र जन्मभर ‘टाकबहाद्दर’ म्हणून चिडवायचे. म्हणून यंदा बायकोनं, सुनंदाबाईंनी, तिकडच्या रिवाजाप्रमाणे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या, तेव्हा राजाराणीच्या बाहुल्यांखाली गुंडूरावांनी ते घोडदळच उभं केलं. कमर्शियल स्ट्रीटवरून प्लास्टिकचे अमेरिकन गुराखी आणले, घोड्यांसकट बारा. ब्लेडनं टोप्या उडवल्या, दोरा गुंडाळून फेटे बांधले, पिस्तुलं कापून हातात खराट्याच्या काड्यांचे भाले दिले.

“अहो, खराटा टकला केलात माझा! अंगण काय भाल्यानं झाडू?” सुनंदाबाई म्हणाल्या.

गुंडूरावांचं लक्ष कुठं! काकांनी नुसतं कानडीत ‘सरी’, म्हणजे ‘बरोबर’, म्हटलं तरी त्यांना पुरे होतं.

दशमीला संध्याकाळी काका आले. चष्मा चढवून त्यांनी एक घोडा उचलला आणि स्वाराला खाली उतरवायला गेले. उतरेना.

“हे काय रे गुंड्या?”

“सुरी तापवून चिकटवलाय, काका. पडू नये म्हणून.”

“म्हणजे नऊ दिवस खोगिरावरच? घोड्याची पाठ सोलली की रे! अरे, स्वारानं आधी उतरायचं, घोड्याला पाणी दाखवायचं. टाकबहाद्दर तो टाकबहाद्दरच!”

गुंडूरावांचं तोंड एवढंसं झालं. उठले, बसले, पुन्हा उठले. तेवढ्यात सुनंदाबाई राजाला आडवं करायला निघाल्या. दशमीला एक बाहुली निजवली की मांडण उठलं, अशी तिकडची रीत.

“थांब! राजा नको,” म्हणत गुंडूरावांनी ब्लेड आणलं. कट्कन स्वार सुटला. निजवला खरा, पण पाय फेंगडेच, घोड्यावर बसल्यासारखे.

“मिटत नाहीत हो,” गुंडूराव रडवेले झाले.

काका उभे राहिले. धोतर गुडघ्यापर्यंत उचललं. त्या दोन गुडघ्यांमधून मागची समई दिसत होती, ज्योतीसकट!

“माझे तरी कुठं मिटले? सरी आहे, सरी! आता बाकीचे अकरा उतरव. आणि सुनंदा, वाटीभर पाणी आण.”

“पिता का?”

“मी नाही गं, घोडे!”